नकोसा सुकाळ

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, डंकर्क आणि कॅले ह्या दोन बंदरांच्या मध्ये, ग्राव्हलीन नावाचे गाव आहे. तेथील अणुवीज केंद्रात प्रत्येकी सुमारे ९०० मेगावॅटच्या सहा भट्ट्या असून पश्चिम युरोपातील मोठ्यांत मोठ्या वीजकेंद्रांत त्याची गणना होते. १० ऑगस्ट २०२५ च्या रात्री ह्या केंद्रातील तीन भट्ट्या एकामागून एक आपोआप बंद पडल्या आणि काही तासांत चौथीही थांबली. उरलेल्या दोन दुरुस्तीसाठी आधीच बंद होत्या. म्हणजे सारे केंद्रच ठप्प झाले. ह्यात घातपात नव्हता, कामगारांचा संप नव्हता, यंत्राचा दोषही नव्हता. भट्ट्या थंड राखण्यासाठी समुद्राचे जे पाणी पंपांनी आत ओढून घ्यावे लागते, त्याच्याबरोबर जेलीफिशचे थवेच्या थवे आले, आणि पाणी गाळणाऱ्या फिरत्या ढोलांवर त्यांचा असा थर बसला की पाण्याची वाटच बंद झाली. ज्याला मेंदू नाही, हृदय नाही, हाड नाही आणि ज्याच्या अंगात शेकडा पंच्याण्णव भाग नुसते पाणी आहे, अशा प्राण्याने जगातील एका अत्यंत प्रगत राष्ट्राचा एवढा मोठा कारखाना एका रात्रीत बंद पाडला.

ही बातमी आपल्याकडील वृत्तपत्रांनी 'जगाच्या गमती' ह्या सदरात शोभावी अशा थाटात छापली आणि वाचकांनीही ती तशीच वाचून सोडून दिली. आम्हांस ती गंमत वाटत नाही. ग्राव्हलीनचे केंद्र चालविणारी ईडीएफ ही फ्रेंच सरकारच्या मालकीची कंपनी रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे सहा भट्ट्यांचे, ९,९०० मेगावॅटचे केंद्र उभारण्यासाठी आपल्या सरकारशी वर्षानुवर्षे बोलणी करीत आली आहे. त्या केंद्राच्या भट्ट्या अरबी समुद्राच्याच पाण्याने थंड व्हावयाच्या आहेत. उत्तर समुद्रातील जेलीफिशने जे केले ते अरबी समुद्रातील जेलीफिश करणार नाही, असे आश्वासन कोणत्याही करारात घालता येत नाही.

आणि ग्राव्हलीन हे काही एकटे उदाहरण नव्हे. स्कॉटलंडमधील टॉर्नेसचे केंद्र २०११ मध्ये ह्याच कारणाने बंद करावे लागले. स्वीडनमधील ऑस्करसहामची एक मोठी भट्टी २०१३ मध्ये थांबली. डिसेंबर १९९९ मध्ये फिलिपाईन्समधील एका औष्णिक केंद्राच्या पाण्याच्या वाटा जेलीफिशने तुंबल्या आणि लुझोन बेटाचा मोठा भाग अंधारात बुडाला, तेव्हा लष्कराने सत्ता बळकावली अशीच आवई राजधानीत उठली होती. लोकांना लष्करी उठाव सहज पटला. समुद्रातला हा उठाव मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. आपल्या देशातही कल्पाक्कमच्या अणुकेंद्राला हा उपद्रव इतका परिचित आहे की तेथील शास्त्रज्ञांनी त्यावर स्वतंत्र निबंध लिहिले आहेत.

मुंबईकरांचा जेलीफिशशी परिचय ह्याहून निराळा आणि बराचसा चुकीचा आहे. दर पावसाळ्यात जुहू आणि गिरगावच्या चौपाट्यांवर निळ्या फुग्यांसारखे काही तरी वाहून येते, त्याचे लांब तंतू अंगाला लागून पाय चाबकाने फोडून काढल्यासारखे पोळतात आणि दुसऱ्या दिवशी 'जेलीफिशचा हल्ला' असा मथळा झळकतो. ऑगस्ट २०१८ मध्ये दोन-तीन दिवसांत सुमारे दीडशे जणांना असा डंख झाल्याचे वृत्त होते. २०१३ च्या गणेशोत्सवात विसर्जनासाठी गिरगावच्या पाण्यात उतरलेल्या अनेक भक्तांना पाकट आणि जेलीफिश ह्यांच्या डंखांनी रुग्णालय गाठावे लागले. नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्याच्या किनाऱ्यांवर दोन दिवसांत नव्वदहून अधिक जणांवर उपचार करावे लागले. आता, पावसाळ्यात येणारा हा निळा फुगा, ज्याला इंग्रज खलाशांनी पोर्तुगीज युद्धनौकेचे नाव दिले, तो शास्त्राच्या दृष्टीने जेलीफिश नव्हेच. तो लहान लहान जीवांचा एक तरंगता संघ आहे आणि नैर्ऋत्येचा वारा त्याला खोल समुद्रातून ढकलीत किनाऱ्यावर आणून टाकतो. त्याच्या येण्यात नवल नाही आणि आपला फारसा दोषही नाही. (त्याच्या डंखावर वाळू चोळणे किंवा नळाचे पाणी ओतणे हे दोन्ही उपाय चुकीचे आहेत, समुद्राच्याच पाण्याने धुऊन, तंतू चिमट्याने काढून, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरावा.) चौपाटीवरील ह्या ठरलेल्या पाहुण्याचे मथळे आम्हीही छापीत आलो आहोत. त्यामुळे खऱ्या प्रश्नावरील आमची आणि वाचकांची दृष्टी उडाली, हे कबूल केले पाहिजे.

खरा प्रश्न चौपाटीवर दिसत नाही. तो पालघरपासून रायगडपर्यंतच्या डोल जाळ्यांत दिसतो आणि मालवणच्या रापणीत दिसतो. डोल हे खुंटांना बांधलेले पिशवीसारखे जाळे असते. ते माशांच्या मागे जात नाही, भरती-ओहोटीचा ओढा जे आणील ते पोटात घेते. बोंबील, जवळा, कोळंबी ह्यांऐवजी त्या ओढ्याबरोबर चिकट, थलथलीत गोळ्यांचा लोंढा आला, तर जाळे वजनाने फाटते, नाही तर हातांची आग होत असताना ते समुद्रातच उपसून टाकावे लागते. डिझेल जळालेले असते, बर्फ विकत घेतलेला असतो, तांडेलाचा आणि खलाशांचा दिवस गेलेला असतो. बंदरावर उतरते ती चार टोपल्या मासळी, आणि सरकारी आकडेवारीत नोंद होते ती त्या चार टोपल्यांची. परत फेकलेल्या शेकडो किलोंचा उल्लेख कोठेही होत नाही, कारण बंदरावरची मोजदाद ही उतरलेल्या मालाची मोजदाद असते. ज्याला गिऱ्हाईक नाही त्याची गणती नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर जेलीफिश खारवून परदेशी पाठविण्याचा धंदा सुरू झाला, तेव्हा तेथे ती एकदम मोजण्याजोगी वस्तू ठरली, ही गोष्ट फार बोलकी आहे.

ही जेलीफिश एकाएकी येते कोठून, हे समजून घेण्यासाठी तिचे चरित्र थोडे पाहावे लागेल, कारण तिला दोन जन्म असतात. पाण्यात उघडझाप करीत पोहणारी छत्री हा तिचा दुसरा आणि अल्पायुषी जन्म होय. पहिल्या जन्मी ती 'पॉलिप' ह्या नावाने ओळखली जाते. हा जेमतेम काही मिलिमीटरचा, फुलदाणीच्या आकाराचा जीव कोठे तरी कठीण पृष्ठभागाला चिकटून राहतो, स्वतःच्या अंगापासून दुसरे पॉलिप फुटवितो आणि प्रतिकूल काळ निमूटपणे काढतो. पाण्याचे तापमान आणि अन्न मनाजोगे झाले की त्याच्या अंगावर आडव्या चकत्या पडतात, आणि बशांची चळत एकेक करून उतरवावी तशा त्या चकत्या सुटून पोहू लागतात. एकेक चकती म्हणजे एकेक बाल जेलीफिश. समुद्राच्या तळाशी हे बी किती पेरले गेले आहे, हे कोणी पाहिलेले नसते. पीक उभे राहिले म्हणजे मात्र ते आकाशातून पडले असे वाटते.

थव्यांनी येणे हा ह्या प्राण्याचा पन्नास कोटी वर्षांचा स्वभाव आहे आणि त्यासाठी मानवाला दोष देण्याचे कारण नाही. दोष द्यावयाचा तो त्या बीजासाठी आपण जमीन कशी नांगरून ठेवली ह्याबद्दल. नामिबियाचा समुद्र ह्याचा दाखला म्हणून पाहावा. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील ह्या पाण्यात १९६० च्या दशकात सार्डिन माशांची रास होती. परदेशी आणि स्थानिक नौकांनी ती अशी उपसली की पुढच्या दशकात तो मासा जवळजवळ नाहीसा झाला. सार्डिन जे प्लवक खात असे ते आता जेलीफिशला मोकळे मिळाले, आणि त्यावर ताण म्हणजे माशांची अंडी आणि पिलेही तिने गट्ट करण्यास प्रारंभ केला. ख्रिस्तोफर लायनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जी गणना प्रसिद्ध केली तीत त्या समुद्रात जेलीफिश सुमारे १.२२ कोटी टन आणि मासे सुमारे ३६ लाख टन भरले. मासळीच्या तिपटीहून अधिक जेलीफिश! तेथे एक लहानसा गोबी मासा ह्याच जेलीफिशवर उपजीविका करू लागला आहे, असे पुढे आढळले. निसर्ग अगदीच हात टेकत नाही. परंतु उठून गेलेली सार्डिनची पंगत अद्याप परत बसलेली नाही.

आपल्याकडे काय चालले आहे? जेलीफिश खाणारे प्राणी थोडेच. त्यांत समुद्री कासव आहे आणि, बहुतेक वाचकांना ठाऊक नसेल, आपले पापलेटही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्यमासा हा मान दिला. मान योग्यच आहे. पण तळहाताएवढीही न झालेली पापलेटची पिले बाजारात ढिगांनी विकली जात असताना हा मान फोटोला हार घालण्यासारखा होतो. पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालणारा शासनाचा आदेश फेब्रुवारी २०१६ चा आहे. दिव्यांच्या झगझगाटात मासे गोळा करून पकडण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातली. दोन्ही आदेशांचे उल्लंघन होते अशी तक्रार पारंपरिक मच्छीमार प्रत्येक हंगामात करतात, हे किनाऱ्यावरील शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

दुसरी नांगरट सांडपाण्याची. शहरातील मैल्यातून आणि शेतातील खतांतून नत्र व स्फुरद समुद्रात गेले की सूक्ष्म वनस्पती माजतात, त्या मरून कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेतात आणि मासा तेथे गुदमरतो. जेलीफिश मात्र अत्यल्प प्राणवायूत तग धरते आणि तिचा पॉलिप तर त्याहून चिवट. मुंबईची सांडपाण्याची लाज आम्ही नव्याने सांगावयास नको. वरळी आणि वांद्रे येथून तीन-साडेतीन किलोमीटर आत नळ नेऊन तो मैला समुद्राच्या स्वाधीन करण्याची व्यवस्था आहे. एकत्रित सुमारे २,४६० दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेच्या सात नव्या शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाली. ती केंद्रे पूर्ण क्षमतेने चालू होईपर्यंतचा प्रत्येक दिवस समुद्राच्या खाती मांडला जात आहे.

त्यातच आपला किनारा मुळात प्राणवायूच्या बाबतीत श्रीमंत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत तळाचे, प्राणवायू कमी असलेले पाणी वर येते. हे नैसर्गिक आहे. परंतु गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्येच दाखवून दिले की जमिनीवरून येणाऱ्या नत्राने ह्या टंचाईला धार चढत असावी. हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस प्रभृतींनी २०१४ मध्ये उत्तर अरबी समुद्राविषयी आणखी एक गोष्ट मांडली. तेथे हिवाळ्यात पूर्वी डायॅटम ह्या सूक्ष्म वनस्पतींचे राज्य असे, त्यांची जागा नॉक्टिल्युका नावाचा जीव घेत आहे आणि ह्या बदलाचा संबंध कमी होणाऱ्या प्राणवायूशी आहे. हा नॉक्टिल्युका मासळीच्या नेहमीच्या अन्नसाखळीला फारसा उपयोगी नाही. त्यावर ताव मारतात ते साल्प आणि जेलीफिश ह्यांसारखे लिबलिबीत प्राणी. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूपासून देवगडपर्यंत रात्रीच्या लाटा निळ्या प्रकाशाने उजळल्या आणि हजारो लोक कॅमेरे घेऊन धावले. तो प्रकाश नॉक्टिल्युकाच्या कुळाचाच होता. समुद्रात दिवाळी झाली म्हणून आपण टाळ्या वाजविल्या. ती कोणाच्या घरची दिवाळी होती हे कोणी विचारले नाही.

पॉलिपला चिकटण्यासाठी कठीण पृष्ठभाग हवा, हे वर सांगितले. चिखलाच्या तळावर तो सहसा रुजत नाही. काँक्रीटवर, पोलादावर, शिंपल्यांवर, तरंगत्या प्लॅस्टिकवर रुजतो. म्हणूनच कार्लोस दुआर्ते ह्यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये असा प्रश्न उपस्थित केला की जगभर समुद्रात वाढत चाललेले धक्के, बंधारे आणि तराफे हेच जेलीफिशच्या वाढीचे एक कारण तर नसेल? आता वाढवणकडे पाहा. डहाणूजवळील ह्या नियोजित बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भूमी तयार करावयाची आहे आणि १०.१४ किलोमीटर लांबीचा लाटारोधक बंधारा घालावयाचा आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. बंदर राष्ट्राला हवे आहे की नाही, हा वाद येथे आम्ही घालीत नाही. परंतु दहा किलोमीटरच्या त्या काँक्रीटच्या पाण्याखालील बाजूवर काय उगवेल ह्याची चौकशी होणे आवश्यक आहे, कारण डोल जाळ्यांचा पट्टा त्याच्या अगदी शेजारी आहे.

बंदराबरोबर जहाजे येतात आणि जहाजांच्या पोटातील तोल सांभाळण्याचे पाणी येते. काळ्या समुद्राला ह्या पाण्याने काय दिले हे प्रसिद्धच आहे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची 'कोंब जेली' (ही जेलीफिशची दूरची बहीण) १९८० च्या दशकाच्या आरंभी अशाच पाण्यातून तेथे उतरली. दशकअखेरीस तिने त्या समुद्राचा ताबा घेतला आणि अँकोव्ही माशांची पकड कोसळली. केवळ तिच्यामुळे नव्हे. अतिमासेमारीने आणि डॅन्यूब नदीतून आलेल्या खतांनी तो समुद्र आधीच दुबळा झाला होता. पुढे १९९७ मध्ये तिलाच खाणारी दुसरी कोंब जेली तशीच पाहुणी म्हणून आली आणि तुर्की कोळ्यांना थोडा श्वास मिळाला. योगायोगाने आलेल्या शत्रूचा योगायोगानेच आलेला शत्रू, ह्या भरवशावर धोरण आखता येत नाही.

कोणी म्हणेल, की जेलीफिश खरोखरच जगभर वाढत आहे काय, ह्याबद्दल शास्त्रज्ञांतच एकमत नाही. हे खरे आहे आणि ते आम्ही लपविणार नाही. लुकास ब्रोट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जगातील ४५ सागरी प्रदेश तपासले, त्यांपैकी २८ प्रदेशांत त्यांना वाढ आढळली. उलट रॉबर्ट काँडन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १८७४ ते २०११ पर्यंतच्या नोंदी चाळून असे सांगितले की जेलीफिशची संख्या सुमारे वीस वर्षांच्या फेऱ्याने वर-खाली होते. १९७० नंतर दिसणारी वाढ किंचित आहे आणि ती ह्या फेऱ्याचाही भाग असू शकेल. आम्हांस दुसऱ्या मताची सावधगिरी अधिक भावते. परंतु ह्या वादातून आपल्या राज्यकर्त्यांना निष्क्रियतेचा परवाना मिळतो असे जर कोणास वाटत असेल तर तो भ्रम आहे. काँडन ह्यांना सावध राहता आले ते त्यांच्यापुढे इतर देशांच्या, मुख्यतः युरोप-अमेरिका-जपानच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी होत्या म्हणून. महाराष्ट्राच्या सातशे किलोमीटरच्या किनाऱ्याची अशी अखंड वही त्यांत नाही. येथे वृद्ध तांडेल सांगतो की पूर्वी इतकी जेलीफिश नसे. अधिकारी म्हणतो की ही ऐकीव गोष्ट आहे. आणि दोघांनाही खोटे ठरविण्याची सोय कोणाजवळ नाही. अशा वेळी खरा कोण हे ठरते ते ज्याच्या हाती शिक्का असेल त्यावरून.

ही सोय करणे अवघड नाही, आणि महागही नाही. मत्स्यव्यवसाय खात्याने किनाऱ्यावरील निवडक बंदरांत डोल आणि रापण लावणाऱ्या मंडळींना, त्यांच्या वेळेचा मोबदला देऊन, जाळ्यात आलेल्या आणि परत फेकलेल्या जेलीफिशची रोजची नोंद ठेवण्यास सांगावे. चौपाट्यांवरील जीवरक्षक डंख झालेल्यांची शुश्रूषा करतातच. त्यांच्या नोंदींत तारीख, जागा आणि प्राण्याचा प्रकार ह्यांची भर पडावी. विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांनी धक्क्यांच्या आणि बंधाऱ्यांच्या पाण्याखालच्या अंगावर पॉलिप शोधावेत. पदवीच्या विद्यार्थ्यांनाही जमेल असे हे काम आहे. वाढवणच्या बंधाऱ्यावर आणि जैतापूरच्या नियोजित पाण्याच्या वाटेभोवती ते काम पहिला दगड पाण्यात पडण्यापूर्वी व्हावे, म्हणजे पुढे तुलना करता येईल. आणि जेलीफिशमुळे जाळे फाटले किंवा हंगाम बुडाला, तर त्याला मदतीच्या नियमांत स्थान असावे. वादळाने नेलेले जाळे हे नुकसान आणि ह्या लोंढ्याने फाडलेले जाळे हे नशीब, हा भेद कोणत्या न्यायाने करावयाचा?

तारापूरच्या अणुकेंद्राने १९६९ मध्ये वीज देण्यास प्रारंभ केला. तेव्हापासून ते केंद्र अरबी समुद्राचे पाणी जाळ्यांतून गाळून आत घेत आले आहे. डहाणू आणि पालघरच्या पाण्यात अर्ध्या शतकात काय वाढले आणि काय घटले, ह्याची साक्ष देऊ शकेल असे दुसरे ठिकाण ह्या किनाऱ्यावर क्वचितच असेल. त्या जाळ्यांवर कोणत्या महिन्यात काय येऊन अडकले ह्याच्या नोंदी असतील तर अणुशक्ती खात्याने त्या प्रसिद्ध कराव्यात. ह्यात राष्ट्राच्या सुरक्षिततेचे कोणतेही गुपित फुटत नाही. नसतील, तर येत्या पावसाळ्यापूर्वी एक वही, एक तराजू आणि एक कारकून तेथे नेमण्यात यावा.